उतरण्याचं ठिकाण

दुपारी पावणेचारला ऑफिसात थोरलीच्या कॉम्प्युटरच्या पडद्यावर एक बुकिंग येऊन पडलं. हॉटेल ते विमानतळ, उद्या सकाळी दहा, एक प्रवासी, एक बॅग. पाठवणारा ओळखीचाच, चौकातल्या मोठ्या हॉटेलचा रिसेप्शनवाला. असलं बुकिंग म्हणजे थोरलीच्या हातचा मळ. कुठली गाडी द्यावी याचा विचार करता करता तिने प्रवाशाचं नाव वाचलं, आणि माउसवरचा तिचा हात तिथेच थांबला.

नाव तिच्या वडिलांचं होतं.

एका नावाची दहा माणसं असतात, असं तिने स्वतःला सांगून पाहिलं. पण नावापुढे ‘निवृत्त, टपाल खातं’ असं लिहिलेलं होतं, आणि कुठलाही कागद भरायचा झाला, अगदी रक्त तपासायला गेलं तरी, नावापुढे एवढं लिहायला लावणारा माणूस तिच्या माहितीत एकच होता. तो माणूस या घटकेला तिच्या घरी असायला हवा होता. चार रविवार खपून तिने लावलेल्या खोलीत, नव्या गादीवर, दुपारची झोप काढत.

“ताई, काय झालं? चेहरा बघा कसा झालाय तुमचा,” शेजारच्या टेबलावरून बोलकी म्हणाली. ही ऑफिसातली सगळ्यात नवी मुलगी. तिचं तोंड मिटलेलं कुणी पाहिलेलं नव्हतं, म्हणून पहिल्याच आठवड्यात तिचं हे बारसं झालेलं.

“काही नाही,” थोरली म्हणाली आणि घराशेजारच्या मावशींना फोन लावला. घराची किल्ली तिने सकाळी त्यांच्याकडे ठेवली होती.

“नाही गं, कुणीच आलं नाही,” मावशी म्हणाल्या. “मी साडेअकरापासून दार उघडं टाकून बसलेय. म्हटलं विमान लेट असेल. तू कामात, उगाच कशाला फोन करायचा?”

माणूस दुपारी बाराला घरी पोचायचा, तो पोचलाच नव्हता, आणि चार वाजायला आले तरी तिला पत्ता नव्हता. आणि लोकांचे आईबाप सुखरूप पोचवणं हाच तर तिचा धंदा!

तेच तिचं काम होतं. गाड्या तिच्या मालकाच्या, चालवणारे नऊ ड्रायव्हर, आणि त्या नऊजणांना चालवणारी ही. चौदा वर्षं झाली. विमान उतरायच्या आधी हिला ठाऊक असतं की ते वीस मिनिटं लवकर येतंय. कुणाची म्हातारी आई एकटी येणार असली की मुलं लांबून मुद्दाम हिलाच फोन करतात. मग ही पाण्याच्या बाटलीपासून गुडघ्याच्या दुखण्यापर्यंत सगळं विचारते आणि शेवटी तिचं ठरलेलं वाक्य म्हणते, “तुम्ही फक्त बाहेर या, आपल्या नावाची पाटी बघा आणि गाडीत बसा. बाकी सगळं आमच्यावर.” त्या वाक्यावर माणसं निर्धास्त व्हायची. परवा तिने तेच वाक्य, त्याच आवाजात, आपल्या वडिलांना, आबांना, ऐकवलं होतं.

आबा जन्मात पहिल्यांदा विमानात बसणार होते. धाकट्या भावाची बदली परदेशी झाली, त्याचा संसार कंटेनरमध्ये गेला, आणि आबा भाड्याच्या दोन खोल्यांत एकटे उरले. थोरली म्हणाली, आता माझ्याकडेच या, कायमचे. आबा आढेवेढे घेत होते. “अडचण नाही ना व्हायची?” हे त्यांनी फोनवर तीनदा विचारलं. तीनदाही ती चिडली. विमानतळावर तिने स्वतः जायला हवं होतं, पण शनिवार, त्यात शहरात कसलीशी परिषद, एका सकाळीत अकरा विमानं. शिवाय तिला वाटलं, आपण घामाघूम होऊन पळत जाण्यापेक्षा गणवेशातला ड्रायव्हर, नावाची पाटी, थंडगार गाडी, हाच खरा मान. वडिलांना आपलं काम दाखवायची हौसही होती. ती का असू नये?

आणि साडेबाराला आबांचा निरोपही आला होता. ‘पोचलो. सोय चांगली आहे. तू काम आटप, घाई करू नकोस.’ तो वाचून तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. तिला वाटलं, खोली आवडली. न्हाणीघरात धरायला बसवलेला दांडाही त्यांनी पाहिला असणार.

तिने ड्रायव्हरला फोन लावला. सकाळी ज्याला पाठवलं तो मौनीबाबा. गाडी लोण्यासारखी चालवणार, पण विचारल्याशिवाय एक शब्द काढणार नाही.

“सकाळी अकराच्या विमानाचे ते आजोबा कुठे सोडले?”

“हॉटेलवर.”

“कुठल्या हॉटेलवर? का?”

“चौकातल्या. फॉर्मवर होतं, ताई.”

“अहो, माझे वडील होते ते!”

मौनीबाबा म्हणाला, “आडनाव वेगळं होतं.”

लग्न झालेल्या बाईच्या वडिलांचं आडनाव वेगळंच असणार, आणि याला तिने सांगितलं कुठे होतं? सांगायची गरजच काय, फॉर्म होता ना. तिने फोन आदळला आणि सकाळचा फॉर्म उघडला.

इथे या ऑफिसची एक खोड सांगायला हवी. नवा फॉर्म इथे कुणी भरत नाही. चोवीस रकाने कोण भरत बसणार? जुना एखादा उघडायचा, नाव, विमान, वेळ बदलायची आणि ‘पाठवा’ दाबायचं. दहातली नऊ माणसं त्याच हॉटेलात उतरतात, म्हणून ‘उतरण्याचं ठिकाण’ या रकान्याकडे कुणाची नजरही जात नाही. ही युक्ती थोरलीनेच शोधलेली, तिनेच सगळ्यांना शिकवलेली. बोलकीला तर पहिल्याच दिवशी ऐकवलं होतं, “हे रकाने बघत बसलीस तर विमानं आकाशातच राहतील.”

फॉर्म समोर आला. नाव आबांचं. विमान बरोबर. वेळ बरोबर. उतरण्याचं ठिकाण, चौकातलं हॉटेल. बुक करणाऱ्याच्या रकान्यात तिचं स्वतःचं नाव. आणि सर्वांत खाली, सूचनेच्या रकान्यात तिने मोठ्या मायेने स्वतः लिहिलेली एक ओळ, ‘किल्ली घेऊन दारापर्यंत सोडणे.’

मौनीबाबाने अक्षरशः तेच केलं होतं. रिसेप्शनवर गेला, किल्ली मागितली. थोरलीच्या कंपनीचे प्रवासी कुठे अडकले की हॉटेल न विचारता एक खोली देतं, तसा करारच आहे. त्याने किल्ली घेतली, बॅग उचलली आणि आबांना दारापर्यंत सोडलं. त्याची काडीचीही चूक नव्हती. चूक शोधायला थोरलीने सगळीकडे पाहिलं, आणि ती तिच्याच दहा बोटांत सापडली. लोकांच्या घरी उजेड पाडत फिरणाऱ्या बाईच्या स्वतःच्या दिव्याखाली हा एवढा अंधार.

“बोलकी, माझी विमानं तू बघ,” ती म्हणाली.

“सगळी? एकटी? ताई, मला...”

“सगळी. आणि प्रत्येक रकाना वाच. प्रत्येक!”

बोलकी पुढचा फॉर्म उघडून पहिल्या रकान्यापासून मोठ्याने वाचू लागली.

हॉटेल चालत सात मिनिटांवर होतं. त्या सात मिनिटांत थोरलीने मनात सतरा वाक्यं जुळवली आणि सतराही मोडली. सुरुवातीला तिला वाटत होतं, जाऊन सांगायचं, आबा, गंमत झाली, आणि हसायचं. पण चालता चालता एक प्रश्न तिच्या पायात येऊ लागला. माणूस मुलीकडे कायमचा राहायला येतो, त्याला हॉटेलात नेऊन टाकतात, आणि तो मुलीला एक फोन करत नाही? ओरडत नाही, रागवत नाही, ‘सोय चांगली आहे’ म्हणतो आणि परतीची गाडी सांगतो? असं कसं कुणी करेल?

रिसेप्शनवरच्या टायवाल्याने तिला पाहिलं आणि तो उठून उभा राहिला. तिला तो रोज फोनवर भेटायचा, समोर फार क्वचित. “मॅडम, तुम्ही स्वतः? ते आजोबा फार सज्जन हो. दोन तास इथे सोफ्यावरच बसून होते. मी म्हटलं खोलीत आराम करा, तर म्हणाले, मुलगी आली तर इथून लगेच दिसेल.”

“मग?”

“मग तीन वाजता म्हणाले, परतीचं विमान मिळेल का बघा. मिळालं. म्हणून तुम्हाला फॉर्म पाठवला.”

दोन तास. काचेच्या दारासमोर.

आबा तिसऱ्या मजल्यावर होते. दार उघडं होतं, आणि ते खुर्चीवर, पायात बूट घालून, सरळ बसलेले होते. पलंगावरची चादर जशीच्या तशी होती, तिच्यावर साधी चुणीसुद्धा नव्हती. बॅग दाराशी उभी.

“आलीस? काम संपलं?” ते म्हणाले, आणि असे म्हणाले की जणू रोज याच वेळी ती इथे येते. “बस. थंड वाटत असेल तर ते मशीन बंद कर, मला जमलं नाही.”

“आबा, चूक झाली,” ती दारातूनच म्हणाली. “माझी चूक. तुम्हाला घरी आणायचं होतं. घरी! खोली लावून ठेवलीय मी तुमची. फॉर्मवर चुकून हॉटेल राहिलं.”

“असू दे गं. होतात चुका.”

“नाही, तुम्हाला वाटतंय मी बहाणा करतेय.”

“मी कुठे काय म्हणालो?”

ते काहीच म्हणाले नव्हते. तोच तर त्रास होता. त्यांचा चेहरा मऊ होता, लहान मूल काहीबाही सांगत असताना मोठं माणूस ऐकतं तसा. तिला ओरडावंसं वाटलं. तिने फोन काढला, सकाळचा फॉर्म उघडला आणि त्यांच्या हातात दिला. “वाचा. तुम्हीच वाचा.”

आबांनी चष्मा चढवला. चाळीस वर्षं त्यांनी टपाल निवडण्यात घालवली होती. पाण्याने फुटलेली अक्षरं, अर्धेमुर्धे पत्ते, सगळं त्यांना लागायचं. त्यांनी पहिल्या रकान्यापासून सुरुवात केली आणि कसली घाई न करता एकेक ओळ खाली उतरले. अठराव्या रकान्यावर त्यांचं बोट थांबलं.

“लहान बाळाची खुर्ची, एक,” त्यांनी वाचलं. मग वर बघून म्हणाले, “म्हणजे ती माझ्यासाठी होती?”

“कोणती?”

“गाडीत शेजारच्या सीटवर बाळाची खुर्ची बांधलेली होती. चांगली निळी. मी म्हटलं, कंपनीची पद्धत असेल. त्या ड्रायव्हरने माझी पिशवी तिच्यात ठेवली आणि वरून पट्टासुद्धा लावला.”

आदल्या दिवशीच्या कुटुंबाचा फॉर्म होता तो. आई, बाप आणि आठ महिन्यांचं बाळ. थोरलीला हसू फुटलं. आबाही हसले, पोटातून, खांदे हलवत, आणि क्षणभर सगळं निस्तरलं असं तिला वाटलं.

“खरंच चूक आहे की,” आबा डोळे पुसत म्हणाले. “जुन्या पाकिटावर नवं नाव टाकलंस. आमच्याकडे असल्या कारकुनाला साहेबाने उभा सोलला असता.”

“मग चला. उठा.”

ते उठले नाहीत. चष्मा काढून त्यांनी तो मिटला, उघडला, पुन्हा मिटला.

“चूक होती हे पटलं,” ते म्हणाले. “पण मला ती चूक वाटली नाही गं. त्याचं काय करायचं?”

“म्हणजे?” थोरलीने विचारलं.

“दोन तास खाली बसलो होतो. सगळं मनात आलं. तुला काम असेल, जावयांना आवडलं नसेल, खोली अजून व्हायची असेल. पण चूक असेल, असं एकदाही आलं नाही. हा पत्ता चुकलाय असं वाटायला आधी दुसरा पत्ता ठाऊक हवा ना. मागच्या वेळीही हॉटेलच होतं.”

मागच्या वेळी म्हणजे सहा वर्षांपूर्वी. आई दवाखान्यात दाखवायला इथे आली होती. तेव्हा थोरलीच्या दोन खोल्यांत सासू, सासरे, नवरा, मुलगी आणि ती. जागाच नव्हती, खरंच नव्हती. म्हणून तिने दवाखान्याजवळ एक लॉज पाहून दिलं. रोज संध्याकाळी डबा घेऊन जायची. आई म्हणायची, सोय चांगली आहे. सात आठवडे आई म्हणत राहिली, सोय चांगली आहे. मग आईला घरी नेलं आणि ती पुढच्याच महिन्यात गेली. थोरलीने गेल्या सहा वर्षांत ते लॉज एकदाही आठवलं नव्हतं. आठवू दिलं नव्हतं, असं म्हणायला हवं.

“तेव्हा जागा नव्हती, आबा,” ती म्हणाली. “तुम्हाला माहितीय.”

“माहितीय की. तक्रार आहे का माझी? तुझी आईसुद्धा कधी बोलली नाही. एकदाच म्हणाली, आपण इथे पाहुणे आहोत की ग्राहक, हेच कळत नाही. आणि हसली.”

आई असं म्हणाली होती? कुठल्या दिवशी? ती डबा ठेवून निघून गेल्यावर, की ती यायच्या आधी?

“मला फोन का नाही केलात?” ती जवळजवळ ओरडली. “एक फोन! हॉटेलात का आणलंस, एवढं विचारायचं! शिव्या द्यायच्या होत्यात!”

“विचारलं असतं तर तुला काहीतरी खोटं बोलावं लागलं असतं,” आबा साधेपणाने म्हणाले. “ते मला ऐकायचं नव्हतं.”

“मग टॅक्सी करून सरळ घरी यायचं. दार वाजवायचं!”

“कुठल्या?”

“कुठल्या म्हणजे?” ती म्हणाली.

“नव्या घराचा पत्ता तू कधी दिलाच नाहीस. चार वर्षं झाली ना तिथे जाऊन? मी दोनदा विचारला. पहिल्यांदा म्हणालीस, पाठवते. परवा म्हणालीस, पत्ता कशाला हवाय आबा, गाडी येईल.” ते हसले, पण या वेळी खांदे हलले नाहीत. “चाळीस वर्षं गावभरचे पत्ते पाठ होते मला. कुणाची सून कुठे, कुणाचा मुलगा कुठे. माझ्या मुलीचाच तेवढा नाही.”

थोरली पलंगाच्या कडेवर बसली आणि रडली. नाक पुसायलाही तिच्याजवळ काही नव्हतं. आबांनी त्यांचा रुमाल दिला, इस्त्री केलेला, घडीचा. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, थोपटलं, ‘पुरे, पुरे’ म्हणाले. पण उगाच ‘तुझं काही चुकलं नाही’ असं काही ते म्हणाले नाहीत, आणि तिनेही तशी अपेक्षा केली नाही.

बऱ्याच वेळाने ती उठली, तोंड धुऊन आली आणि आबांची बॅग हातात घेतली. “चला घरी. उद्याची गाडी रद्द करते. आत्ताच, तुमच्यासमोर.”

“नको,” आबा म्हणाले. “राहू दे ती.”

“का?”

“घर बघतो. खोली बघतो. जावई येतील, चारचौघांसारखे जेवू, बोलू. मी तिथे राहू शकतो का ते माझं मला कळेल. तुझ्या रडण्याकडे बघून हो म्हटलं तर ते काही खरं नाही.” त्यांनी बुटाची सैल झालेली नाडी घट्ट केली. “खोल्या तशाही महिनाअखेरीपर्यंत माझ्याच नावावर आहेत. गाडी नको असली तर किती वाजेपर्यंत नाही म्हणता येतं?”

हे तिच्या कामातलं होतं, म्हणून उत्तर आपोआप तोंडातून गेलं. “सकाळी नऊ.”

“मग नऊला सांगेन.” ते उभे राहिले, आणि काहीतरी लक्षात येऊन पुन्हा थांबले. “पण गाडी इथे येईल ना उद्या, हॉटेलवर? मी इथे नसेन. ते तेवढं आत्ता बदल. नाहीतर आणखी एक घोळ.”

थोरलीने फोन उघडला. पावणेचारला आलेलं ते बुकिंग वरच होतं. ‘प्रवाशाला घेण्याचं ठिकाण’ या रकान्यात हॉटेलचं नाव होतं. तिने ते एकेक अक्षर पुसलं. मग रिकाम्या जागी तिने आपल्या घराचा पत्ता लिहायला घेतला. इमारतीचं नाव, गल्ली, समोरची बँक, पिनकोड.

आबा चष्मा लावून तिच्या खांद्यावरून वाकले होते. त्यांचे ओठ हलत होते. ते पाठ करत होते.

“मजला राहिला,” ते म्हणाले.

तिने मजला लिहिला. चौथा.

“आता बरोबर आहे,” आबा म्हणाले, आणि तिने ‘पाठवा’ दाबलं.